लसीकरण : सक्ती नको, आणि बाजारही नको

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शेतमालाचे भाव, कामगार कायद्यांतील बदल, रोजगार हमी असे विषय कार्यक्रमपत्रिकेवर असताना मध्येच लसीकरण कशाला, असे काही साथींनी संयोजकांना विचारल्याचे माझ्या कानावर आले. विचारणे मुळीच गैर नाही. आपल्या चळवळीत आरोग्याचा प्रश्न बहुधा दवाखान्याच्या मागणीपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. गावाला आरोग्य केंद्र हवे, तेथे डॉक्टर हवा, औषधे हवीत, एवढे आपण दर अधिवेशनाच्या ठरावात घालतो. दवाखान्याची पायरी चढावीच लागू नये म्हणून जे काम करावयाचे असते ते मात्र आपण सरकारी खात्याचे नित्याचे काम समजून सोडून देतो. माझे म्हणणे असे आहे की लसीकरणाइतका आपल्या विचाराच्या जवळचा आरोग्यविषयक कार्यक्रम दुसरा नाही. आणि तरीही तो एका बाजूने नोकरशाहीच्या व दुसऱ्या बाजूने बाजाराच्या हवाली करून आपण मोकळे झालो आहोत.

जवळचा का, ते आधी सांगतो. गोवराचे उदाहरण घ्या. ज्या वस्तीत कोणाच्याच अंगी प्रतिकारशक्ती नाही अशा वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण करतो. इतका वेगाने पसरणारा रोग अडवायचा तर शंभरांतील पंचाण्णव मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. उरलेल्या पाचांत कोण असते? नऊ महिन्यांच्या आतले तान्हे बाळ, कर्करोगावर उपचार घेत असलेले मूल, ज्याच्या अंगी लस लागली नाही असे एखादे. त्यांचे रक्षण ते स्वतः करू शकत नाहीत, ते बाकीचे पंचाण्णव करतात. बंगल्यातील तान्ह्या बाळाचे रक्षण झोपडपट्टीतल्या मुलाला मिळालेल्या लसीवर अवलंबून असावे, अशी ही व्यवस्था आहे. (सर्वच लसींचे असे नाही. धनुर्वात माणसापासून माणसाला होत नाही, त्यामुळे ती लस ज्याची त्यालाच राखते. परंतु गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, पोलिओ या सर्वांना कमीअधिक प्रमाणात हा नियम लागू आहे.) ज्या वस्तूचा लाभ विकत घेणाऱ्यापुरता राहत नाही आणि जिच्या अभावाचा तोटाही न घेणाऱ्यापुरता राहत नाही, तिचा व्यवहार बाजाराला नीट करता येत नाही, हे अर्थशास्त्राचे पहिल्या वर्षाचे पुस्तकही सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७४ साली सुरू झाला. त्याला २०२४ साली पन्नास वर्षे झाली तेव्हा प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला गेला की या काळात लसींमुळे सुमारे १५ कोटी ४० लाख जीव वाचले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या गोवराच्या लसीमुळे. आपल्या देशात १९७४ या एकाच वर्षी देवीचे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले होते व सुमारे ३१ हजार माणसे मेली होती. पुढच्याच वर्षी देवीची साखळी तुटली, १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला आणि १९८० मध्ये जग. दंडावर देवीचे व्रण असलेली पिढी या सभागृहात बसलेली आहे, आणि तिच्या नातवंडांच्या दंडावर तो व्रण नाही. पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात आढळला. नवजात बालकांचा धनुर्वात, ज्याने एके काळी बाळंतिणीच्या खोलीतच मुले मरत, तोही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून २०१५ मध्ये निकालात निघाला. स्वातंत्र्योत्तर भारतीय राज्यसंस्थेच्या खात्यावर ज्या थोड्या निर्विवाद यशाच्या नोंदी आहेत त्यांत या तीन आहेत. सरकारवर टीका करण्याची आपल्याला सवय आहे, ती सोडू नये, पण जमेची बाजूही वाचता आली पाहिजे.

आता आपल्यातल्याच काही मित्रांशी मला वाद घालायचा आहे. आपल्या परिवारात लसीविषयी साशंक असणारे तीन प्रकारचे लोक आहेत. काही निसर्गोपचाराच्या वाटेने आलेले आहेत. ते गांधीजींचा दाखला देतात, आणि दाखला खोटा नाही. गांधीजींचा देवीच्या लसीला तात्त्विक विरोध होता, तो त्यांनी आपल्या आरोग्यविषयक लेखनात मांडलेला आहे. परंतु देवी गेली ती स्वच्छता, मिताहार व मोकळी हवा यांनी गेली नाही. ती लसीने गेली. गांधीजींचा आदर राखून हे सांगता येते, आणि सत्याचा आग्रह धरणाऱ्याच्या अनुयायांनी तर ते सांगायलाच हवे. दुसरे काही मित्र भ्रमणध्वनीवर येणाऱ्या मजकुरावर विसंबतात. गोवराच्या संयुक्त लसीने मुले स्वमग्न होतात असा दावा करणारा शोधनिबंध १९९८ साली ब्रिटनमधील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तो नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मात्र त्या भ्रमणध्वनीवर अजून पोचलेली दिसत नाही. या प्रकारावर अधिक वेळ घालवीत नाही.

तिसरा प्रकार मला महत्त्वाचा वाटतो. हे मित्र म्हणतात, लसीत दोष नसेल, पण ती टोचणाऱ्या हातावर आमचा विश्वास नाही. या अविश्वासाला इतिहास आहे आणि त्याची सुरुवात आपल्या पुण्यामुंबईत झालेली आहे.

१८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना देण्यात आली. त्यांनी ती स्वेच्छेने घेतली अशी नोंद आहे, पण तुरुंगातील स्वेच्छा कितपत स्वेच्छा असते हे या सभागृहातील काहींना अनुभवाने ठाऊक आहे. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखालचे गोरे शिपाई घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, बायकांची तपासणी झाली, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली. जूनमध्ये चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. ही कथा आपल्याला शाळेत शिकवली जाते. त्याच पुण्यात, त्याच प्लेगात, हडपसरजवळ डॉ. यशवंतराव फुले यांचा दवाखाना चालू होता आणि त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग एक, शहर एक, वर्षही एक. एका बाजूला संगिनीच्या टोकावर आलेले आरोग्य आणि दुसऱ्या बाजूला पाठीवर रोगी वाहून आणणारे आरोग्य. आपल्या देशात साथ आली की राज्यकर्ते १८९७ चा तो कायदा बाहेर काढतात. २०२० मध्येही तोच काढला. सावित्रीबाईंचे स्मरण मात्र ३ जानेवारीच्या हारापुरते.

पुढेही असेच घडत गेले. देवीच्या मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यात बिहारमधील काही गावांत रात्री दारे फोडून लोकांना धरून लस टोचल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. आणीबाणीत नसबंदीची जी सक्ती झाली तिच्याविषयी या व्यासपीठावरून मी नव्याने काय सांगावे? त्या वेळी गावात जीप आली की पुरुष उसात लपत. सरकारी आरोग्य कर्मचारी म्हणजे आपले शरीर कायमचे बिघडवायला आलेला माणूस, ही भीती त्या एकवीस महिन्यांत घराघरांत शिरली. वीस वर्षांनी उत्तर प्रदेशात पोलिओच्या दोन थेंबांनी मुले वांझ होतील अशी अफवा पसरली तेव्हा शहाण्यासुरत्यांनी मुसलमानांच्या अज्ञानाला नावे ठेवली. सक्तीच्या नसबंदीची आठवण ज्यांच्या मोहल्ल्यांत ताजी होती त्यांनी असे घाबरणे हे अज्ञान नव्हे, तो अनुभव होता. पोलिओ अखेर हटला तो मशिदींतून आवाहन झाले, स्थानिक स्त्रिया घरोघर फिरल्या, पुन्हापुन्हा फिरल्या, तेव्हा.

आणखी एक उदाहरण अगदी जवळचे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूविरुद्धची लस २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत एका प्रकल्पाद्वारे मुलींना दिली गेली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. वसतिगृहांत राहणाऱ्या अनेकींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत दिसून आले नाही, परंतु संमतीच्या बाबतीत जे घडले त्यावर संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. यातून काही मित्रांनी निष्कर्ष काढला की लसच घातक. मी उलट म्हणतो. ती लस चांगली आहे, गरीब बायकांना सर्वाधिक गरजेची आहे, आणि म्हणूनच ती अशा बेपर्वाईने देणे हा दुहेरी अपराध होता. गरिबाच्या मुलीची संमती म्हणजे कागदावरची औपचारिकता, असे मानणाऱ्यांनी त्या लसीचे पुढील दहा वर्षांचे नुकसान केले.

तेव्हा सक्तीला माझा विरोध आहे, आणि तो केवळ तत्त्वाचा नाही. सक्तीने दिलेली लस आजच्या मुलाला वाचवते व उद्याच्या मुलाच्या आईला दारामागे लपवते. सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ च्या निकालात कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही असे स्पष्ट केले आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवण्यास सरकारला सांगितले. हा दुसरा भाग आपण अधिक उचलून धरावा. अपघात होतात. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी हाफकिनच्या लसीच्या एका दूषित बाटलीने १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिनवर आला आणि तो धुऊन निघायला पाच वर्षे लागली. २०२१ च्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले वाचली. असे झाले की खात्याची पहिली धडपड झाकण्याची असते. झाकल्याने अफवा मरत नाही, ती वाढते.

परंतु मित्रहो, महाराष्ट्रात लस न मिळालेल्या मुलांचे आईबाप फार करून लसविरोधी नाहीत. ही गोष्ट मला आज सर्वांत ठासून सांगावयाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये आपल्या राज्यातील जेमतेम ५६ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ७३-७४ टक्क्यांवर आले. सुधारणा झाली खरी, पण देशाची सरासरी तेव्हा ७६ होती. स्वतःला प्रगत म्हणवणारे राज्य सरासरीच्याही खाली! २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवर उसळला आणि राज्यात दहाहून अधिक बालके दगावली, तेव्हा ही टक्केवारी कोठे कमी पडते ते उघड झाले. मुंबईत गोवर गोवंडीत उसळतो, मलबार हिलवर उसळत नाही.

ऊसतोडणी कामगाराच्या मुलाचा हिशेब मांडून पाहू. बीड वा जालना जिल्ह्यातील जोडपे दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या परिसरात जाते. फेब्रुवारीत कोपीवर बाळ जन्मते. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाची कावीळ ब ची लस, बीसीजी, पोलिओचा पहिला थेंब, हे सर्व दवाखान्यात प्रसूती झाली तर मिळते, फडाच्या कडेला झाली तर राहते. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याचे डोस मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत येतात, म्हणजे एखादा कारखान्यावर आणि एखादा गावी. कारखान्यावरच्या आरोग्यसेविकेच्या यादीत हे बाळ नसते, कारण ते तिच्या गावचे नाही. गावच्या यादीत असते, पण गावात नसते. गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात. फेब्रुवारीत जन्मलेल्याचा नववा महिना नोव्हेंबरात भरतो. तोपर्यंत टोळी पुन्हा निघालेली असते.

आणि समजा सेविका फडापर्यंत पोचली. पाच रोगांवरच्या त्या लसीने बाळाला रात्री ताप येतो, मांडी सुजते. ताप दोन दिवसांत उतरतो, हे तुम्हीआम्ही जाणतो. पण त्या रात्री बाळ रडत राहते आणि पहाटे तीनला गाडी भरायला जायचे असते. आई थांबली तर खाडा पडतो आणि मुकादम खाड्याचे पैसे उचलीतून कापतो. एका सुईची किंमत अशी एका दिवसाच्या मजुरीएवढी होते. ती बाई म्हणते, “पुढल्या खेपेला बघू.” आपण म्हणतो, अडाणी आहे.

या बाळापर्यंत पोचणारी व्यक्ती म्हणजे आशा. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातील दहा लाखांवर आशांचा गौरव केला. आपल्या सरकारच्या लेखी मात्र ती कामगार नाही, स्वयंसेविका आहे. बाळाचे पहिल्या वर्षातील सगळे डोस पूर्ण करून घेतले म्हणजे तिच्यासाठी केंद्राने ठरवलेला मोबदला होता शंभर रुपये. वर्षभराच्या चकरांचे शंभर. २०२३ च्या अखेरीस व २०२४ च्या सुरुवातीस महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या तेव्हा लसीकरणाच्या आकड्यांवर लेख लिहिणारे अनेक तज्ज्ञ त्या मंडपाकडे फिरकलेही नाहीत. आशांचे मानधन हा कामगार प्रश्न आणि लसीकरण हा आरोग्य प्रश्न, असे दोन कप्पे निदान आपल्या कार्यालयात तरी असू नयेत.

आता बाजाराकडे वळतो. परळची हाफकिन संस्था ही या राज्याची सार्वजनिक मालमत्ता. १९३२ साली साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. औषधे व लसी स्वस्तात मिळायच्या तर त्या राज्याने स्वतः बनवल्या पाहिजेत, असा आग्रह धरणारा हा शास्त्रज्ञ. स्वातंत्र्याआधीच राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे काम त्यांनी पाहिले होते. त्या विचाराचे आपण काय केले? २००८ च्या जानेवारीत कसौली, कुन्नूर व गिंडी येथील केंद्र सरकारच्या तीन लस-कारखान्यांचे परवाने एका फटक्यात निलंबित झाले. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या लसींचा मोठा भाग हेच तीन कारखाने पुरवीत होते. उत्पादनाच्या दर्जाविषयीचे आक्षेप खोटे नव्हते. पण छप्पर गळते म्हणून घर पाडायचे नसते. पैसा घालून दुरुस्ती करावयाची होती. ओरड झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, २०१० मध्ये निलंबन मागे घेतले गेले. मधल्या काळात खरेदी खासगी उत्पादकांकडे वळली ती वळलीच.

पुण्यात १९६६ साली सुरू झालेल्या खासगी कंपनीने जगातील गरीब देशांना स्वस्त लसी पुरवल्या, ही गोष्ट मी नाकारीत नाही. प्रश्न तिच्या कर्तबगारीचा नाही. संकटकाळी किंमत कोण ठरवणार, हा प्रश्न आहे. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या नागरिकांची जबाबदारी केंद्राने राज्यांवर व खासगी रुग्णालयांवर टाकली. एकच कोविशिल्ड केंद्राला १५० रुपयांना, राज्याला आधी ४०० व मग ३०० ला, खासगी रुग्णालयाला ६०० ला. नोंदणी मोबाइलवर. ज्याच्याकडे चांगला फोन आणि वेगवान बोटे त्याची लस आधी! ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या धोरणाला सकृद्दर्शनी मनमानी ठरवले आणि २१ जूनपासून ते बदलावे लागले. ही सात आठवड्यांची शाळा आपण विसरता कामा नये. शांततेच्या काळातही हेच चालते, फक्त गाजावाजा नसतो. न्यूमोनियावरची लस खासगी दवाखान्यांतून वर्षानुवर्षे काही हजार रुपयांना विकली जात होती. सरकारी कार्यक्रमात ती २०१७ पासून काही राज्यांत व २०२१ मध्ये देशभर आली. मधल्या वर्षांत कोणाची मुले सुरक्षित होती हे सांगायला पाहणीची गरज नाही.

प्रौढांच्या बाबतीत तर बाजाराखेरीज काही नाहीच म्हणा ना. गरोदर स्त्रीला धनुर्वात-घटसर्पाची लस मिळते, कुत्रा चावला तर सरकारी दवाखान्यात रेबीजची मिळते. त्यापलीकडे प्रौढ माणूस आपल्या कार्यक्रमाच्या हिशेबात जवळजवळ नाही. कावीळ ब ची लस देशभरातील बालकांसाठी २०११ नंतर आली. म्हणजे आज मैला व गटारे साफ करणारे, रुग्णालयातील रक्ताळलेल्या सुया उचलणारे जवळजवळ सर्व कामगार तिच्याविनाच मोठे झालेले आहेत. शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन इंजेक्शने. कायम कामगाराला ती मिळण्याची थोडी शक्यता असते, कंत्राटी कामगाराला कंत्राटदार विचारीतही नाही. नगरपालिकेच्या सफाई कंत्राटाच्या अटींत ही तीन इंजेक्शने घालून घेणे हे आपल्या नगरसेवकांना व युनियनना सहज जमण्यासारखे आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीला नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी उत्तेजन देण्याची घोषणा केंद्राने २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केली होती. ती लस आपल्या तालुक्यातील आश्रमशाळांपर्यंत येईल तेव्हा संमतिपत्र मराठीत आहे का, गोंडी वा कोरकू बोलणाऱ्या आईला कोणी समजावून सांगितले का, आणि सही खरोखर तिचीच आहे का, हे पाहायला आपला कार्यकर्ता तेथे हजर असला पाहिजे. लस अडवायला नव्हे, ती नीट दिली जावी म्हणून.

शेवटी कामाचे बोलतो. ऊसतोडणीच्या टोळ्या दिवाळीच्या मागेपुढे हलतात. म्हणजे भाद्रपद आणि आश्विन आपल्या हाती आहेत. निघण्याआधी ज्यांचे डोस देता येतात ते गावातच उरकावेत. ज्यांचा डोस हंगामात येतो त्यांची नावे, महिना आणि कोणत्या कारखान्यावर जाणार ते लिहून कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईजवळच ठेवायला सांगावे. कार्ड हरवले म्हणून बाळाला परत पाठवले तर तेथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटावे. राहिलेला डोस नंतर देता येतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि साधी सर्दी असली तरी लस देता येते, हे आईला माहीत असले पाहिजे. तापावरचे औषध सेविकेने सोबत दिले का ते विचारावे. लस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी खाडा धरू नये, ही मागणी यंदा मुकादम व कारखान्यांपुढे ठेवायची आहे, आणि ती आधी ऊसतोडणी कामगारांच्या बैठकीत चर्चेला यावी. बीड, जालना व नगरकडून आलेल्या साथींनी जेवण झाल्यावर मागच्या खोलीत बसून गावे वाटून घ्यावीत. बाळांच्या याद्या आशांकडे असतात, त्या त्यांच्याकडूनच मागून घ्याव्यात.